दहा डाइमची वाटणी

टेबलावर दहा डाइम मांडलेले. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं, आकाराने अमेरिकेतलं सगळ्यात लहान. शेजारी कागदाच्या चिठ्ठ्या, त्यांवर नावं लिहिलेली. टेबलाच्या एका बाजूला ट्रस्टमार्क बँकेचा न्यास विभागाचा अधिकारी, दुसऱ्या बाजूला सत्याऐंशीच्या घरातल्या ओसिओला मॅकार्टी. अधिकाऱ्याने सांगितलं, एक डाइम म्हणजे तुमच्या पैशातले दहा टक्के. तुमच्या पश्चात कुणाला किती द्यायचं, ते नाणी ठेवून दाखवा.

बाईंनी एक नाणं चर्चच्या चिठ्ठीवर ठेवलं. तीन नातेवाइकांच्या नावांवर ठेवली. उरलेली सहा ठेवली युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न मिसिसिपीच्या चिठ्ठीवर.

त्या सहा नाण्यांची किंमत साधारण दीड लाख डॉलर होती. ठेवणारी बाई सहावीत शाळा सुटलेली, आणि जवळजवळ ७५ वर्षं लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून जगलेली. जुलै १९९५ मध्ये विद्यापीठाने ही देणगी जाहीर केली आणि महिन्याभरात तिची बातमी अमेरिकाभर झाली.

मृत्युपत्रं आणि न्यासांचे कागद हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे ही गोष्ट वाचताना माझं लक्ष पहिल्यांदा त्या दहा नाण्यांकडे गेलं. बातम्यांतून बाई भेटतात त्या ‘साध्या’, ‘भोळ्या’, ‘त्यागमूर्ती’ म्हणून. ते वाचलं की मला वाईट वाटतं. टेबलापाशी त्या दिवशी जे झालं त्यात भोळेपणा कुठेही नव्हता. आपल्या मालमत्तेचा शंभर टक्के हिशेब एका बैठकीत, हातात नाणी घेऊन, डोकं शांत ठेवून करणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत. भरपूर शिकलेली, मोठ्या पगाराची माणसं ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत राहतात आणि मग त्यांची मुलं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. म्हणून हे प्रकरण बाईंच्या निर्णयांच्या बाजूने मांडतो आहे.

शाळा

ओसिओला मॅकार्टींचा जन्म ७ मार्च १९०८ चा, मिसिसिपी राज्यातल्या वेन काउंटीतला. वाढल्या हॅटिसबर्गमध्ये. घरात आजी, आई, मावशी. सगळं घर बायकांच्या कष्टावर चाललेलं. लहानपणी मिळालेले सुटे पैसे ती बाहुलीच्या गाडीत जपून ठेवायची. पुढे ते घेऊन ती एकटी बँकेत गेली आणि खातं उघडून आली.

सहावीत असताना मावशी आजारी पडली. इस्पितळातून घरी आली ती चालता न येण्याच्या अवस्थेत. तिचं करायला आणि आजीला धुण्यात मदत करायला कुणीतरी घरात हवं होतं. ओसिओलाने शाळा सोडली. काही काळाने मावशी सावरली, पण तोवर वर्गातल्या मुली पुढे निघून गेल्या होत्या. आपल्याहून लहान मुलांबरोबर बसायचं तिच्या जिवावर आलं. ती परत गेलीच नाही.

याला निवड म्हणायचं का? बारा-तेरा वर्षांची मुलगी, घरात आजारी माणूस, आणि काळ असा की मिसिसिपीत काळ्या मुलांच्या शाळांवर गोऱ्यांच्या शाळांच्या मानाने अगदी किरकोळ पैसा खर्च व्हायचा. मी याला निवड म्हणणार नाही. मात्र पुढे हाती पैसा आला तेव्हा तो कुठे द्यायचा याचं उत्तर याच तुटलेल्या धाग्यापाशी सापडतं. आपल्याला शिकायला आता फार उशीर झाला, मुलांना मात्र शिकता येईल, असं त्या पत्रकारांना सांगत.

भट्टी, खळ आणि दोरी

त्यांच्या कामाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पैशाचा उगम तिथे आहे आणि त्यांचा मानही तिथेच होता.

सकाळी उठून जवळच्या नळावरून पाणी आणायचं. अंगणात काळ्या मोठ्या हंड्याखाली जाळ करायचा. कपड्यांचं एक बोचकं भिजवायचं, धुवायचं, उकळायचं. आपल्याकडे परटांच्या घरी भट्टी लावत, तसंच. मग खाचा असलेल्या पाटीवर घासायचे, खळबळायचे, पुन्हा घासायचे, खळ घालायची आणि दोरीवर टाकायचे. एक बोचकं दोरीवर गेलं की दुसरं हंड्यात. दिवसभर हे, आणि संध्याकाळपासून रात्री अकरापर्यंत इस्त्री. दोरीवर झळकणारे पांढरे शर्ट, पेटलेला जाळ, हातात पिळला जाणारा स्वच्छ ओला कपडा, या सगळ्याबद्दल बाई म्हातारपणीही इतक्या प्रेमाने बोलत की ऐकणाऱ्याला ते कष्टाचं काम आहे याचा विसर पडावा.

साठच्या दशकात त्यांनी वॉशिंग मशीन आणि ड्रायर घेतला. थोड्याच दिवसांत दोन्ही देऊन टाकले. मशीन कपडे नीट खळबळत नव्हतं, ड्रायरमध्ये पांढरे कपडे पिवळे पडत होते. पुन्हा हंडा, पाटी आणि दोरी. बातम्यांत हा प्रसंग गमतीचा म्हणून येतो. मला तो धंद्याचा निर्णय वाटतो. गिऱ्हाईक पैसे देत होतं ते पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या शर्टासाठी, आणि यंत्र ते देत नव्हतं.

धुणं घरी आणून करणं हाही एक जुना निर्णय होता. बाईंच्या आधी हजारो काळ्या स्त्रियांनी घेतलेला. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेत काळ्या बायकांसमोर कामं दोन-चारच होती: शेतमजुरी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं, धुणं. त्यांतलं धुणं एकटंच असं, की मालकिणीच्या नजरेखाली तिच्या घरात दिवसभर उभं राहावं लागत नाही. बोचकं आपल्या अंगणात येतं. मुलांवर लक्ष ठेवता येतं, शेजारणीबरोबर काम वाटून घेता येतं. याच मोकळिकीतून संघटनाही उभ्या राहिल्या. मिसिसिपीच्याच जॅक्सन शहरात जून १८६६ मध्ये धुणं करणाऱ्या काळ्या स्त्रियांनी महापौरांना पत्र लिहून आपले दर जाहीर केले होते. अटलांटात १८८१ च्या उन्हाळ्यात वीसेक बायकांनी सुरू केलेला संप तीन आठवड्यांत सुमारे ३,००० जणींपर्यंत पोहोचला. मॅकार्टीबाई अशा कुठल्या संघटनेत नव्हत्या. पण ज्या अंगणात त्या उभ्या होत्या ते अंगण या बायकांनी मिळवलेलं होतं.

मजुरी? सुरुवातीच्या काळात एका बोचक्याला दीड ते दोन डॉलर. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू वाढत ती दहा डॉलरपर्यंत गेली. एक बोचकं म्हणजे एका कुटुंबाचे आठवड्याचे कपडे.

एवढ्यातून एवढा पैसा कसा?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि बहुतेकांचं उत्तर ‘काटकसर’ एवढ्यावर थांबतं. काटकसर होतीच. बाईंकडे कधी मोटार नव्हती. किराणा आणायला मैलभराहून जास्त पायी जायच्या, ढकलगाडी घेऊन. बूट बोटांना लागले तर पुढचा भाग कापून तेच वापरायच्या. वर्तमानपत्र लावणं त्यांना उधळपट्टी वाटे. बायबलची पानं निसटत होती, तर ती चिकटपट्टीने धरून ठेवलेली. मिसिसिपीच्या बाहेरचा प्रवास देणगीच्या आधीच्या सगळ्या आयुष्यात एकदाच झालेला, नायगाराचा, आणि त्या पाण्याच्या आवाजाने त्या घाबरून गेल्या होत्या.

पण नुसत्या काटकसरीने माणूस अडीच लाख डॉलरांपर्यंत जात नाही. आणखी गोष्टी होत्या.

घरभाडं नव्हतं. १९४७ मध्ये कुटुंबातल्याच एका वडीलधाऱ्याने मिलर स्ट्रीटवरचं छोटं लाकडी घर त्यांना देऊन टाकलं. भाड्यात जाणारा पैसा वाचणं म्हणजे काय, हे मुंबई-पुण्यात नोकरीचं आयुष्य काढलेल्या कुणालाही सांगायला नको. शिवाय १९४४ मध्ये आजी, १९६४ मध्ये आई, १९६७ मध्ये मावशी, अशी घरातली माणसं गेली. लग्न नव्हतं, मूल नव्हतं. १९६७ नंतर त्या घरात बाई एकट्या होत्या. आई आणि मावशीकडून थोडंफार आलं तेही त्यांनी खात्यातच टाकलं. म्हणजे खर्च कमी होण्यामागे एक फार मोठं एकटेपण होतं. बचतीच्या कौतुकात हे बाजूला पडतं, ते पडू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट वेळ. बाईंचा नियम असा की पैसे टाकायचे, काढायचे नाहीत, आणि वाढायला पुरेसा काळ त्यांना हात लावायचा नाही. एक उदाहरण मी करून पाहिलं. महिन्याला २० डॉलर, वर्षाला पाच टक्के व्याज, ४५ वर्षं. भरलेले पैसे होतात १०,८०० डॉलर. हाती येतात ४०,५०० च्या आसपास. हा बाईंच्या खात्याचा उतारा नाही, चक्रवाढ व्याज काय करतं एवढंच दाखवणारं गणित आहे. त्यात १९८० च्या आगेमागे अमेरिकेत मुदत ठेवींवर दहा टक्क्यांच्या वर व्याज मिळत होतं. बँकेतल्या कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने बाईंनी नुसत्या बचत खात्यातून पैसे काढून मुदत ठेवींत आणि जोखीम कमी असलेल्या म्युच्युअल फंडांत घातले होते. सल्ला विचारायचा, पटला तर ऐकायचा, आणि नंतर कटकट न करता थांबायचं. गुंतवणुकीत याच्याइतकं अवघड काही नाही.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. १९३५ साली अमेरिकेत वृद्धापकाळाच्या पेन्शनचा कायदा आला, त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले. दक्षिणेतल्या बहुसंख्य काळ्या कामगारांची कामं नेमकी हीच होती. १९५० च्या दुरुस्तीनंतर त्यांना हळूहळू आत घेतलं गेलं, तेव्हा बाई ४२ वर्षांच्या होत्या. म्हातारपणाची सोय आपली आपणच करायची हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि बँकेत पैसे ठेवणं हाही काळ्या कुटुंबांसाठी साधा निर्णय नव्हता. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांसाठी १८६५ मध्ये काढलेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली. ६१,००० हून अधिक खातेदारांचे तीस लाख डॉलरांच्या जवळपास पैसे अडकले, आणि अनेकांना त्यांतलं काहीच परत मिळालं नाही. ती आठवण घराघरात होती. पुढे तिशीच्या मंदीत बँका धडाधड बंद पडल्या. अशा काळात एका लहान मुलीने सुटे पैसे घेऊन बँकेच्या काउंटरवर जाणं आणि नंतर सत्तर वर्षं तो विश्वास टिकवणं, हे मला त्या देणगीइतकंच मोठं वाटतं.

ते विद्यापीठ

सहा नाणी ज्या चिठ्ठीवर पडली तिच्यामागे काय होतं, हे कळल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही.

विद्यापीठ हॅटिसबर्गमध्येच आहे. १९६२ पर्यंत त्याचं नाव मिसिसिपी सदर्न कॉलेज होतं आणि १९६५ पर्यंत तिथे एकाही काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. बाई तोवर ५७ वर्षांच्या झाल्या होत्या.

त्याच गावातला काळा तरुण क्लाइड केनर्ड. १९२७ चा जन्म. सैन्यात पॅराट्रूपर होता, कोरियाच्या युद्धात लढला, मग शिकागो विद्यापीठात शिकू लागला. सावत्र वडील आजारी पडले म्हणून शिक्षण अर्धवट टाकून गावी आला आणि कोंबड्या पाळू लागला. (घरचं आजारपण आणि सुटलेलं शिक्षण, इथे ही गोष्ट बाईंच्या गोष्टीला येऊन मिळते.) राहिलेलं शिक्षण पुरं करायला त्याने गावातल्या कॉलेजात अर्ज केला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. १५ सप्टेंबर १९५९ रोजी कॉलेजच्या अध्यक्षांना भेटून तो गाडीकडे परतला तेव्हा पोलिसांनी त्याला धरलं. आरोप बेफाम गाडी चालवल्याचा आणि दारू बाळगल्याचा. पुढच्या वर्षी २५ डॉलरच्या कोंबडीखाद्याच्या चोरीत सामील असल्याचा खटला भरला गेला, आणि सात वर्षांची शिक्षा देऊन त्याला पार्चमनच्या तुरुंगात पाठवलं. तिथे त्याला आतड्याचा कॅन्सर झाला. आजार हाताबाहेर गेल्यावर १९६३ मध्ये सोडलं, आणि ४ जुलै १९६३ रोजी तो शिकागोत वारला. वय ३६. तो निर्दोष होता हे कोर्टाने मान्य केलं २००६ मध्ये.

हे सगळं बाई राहत होत्या त्या गावात घडलं. पुढे बातमीदारांनी विचारलं, हेच विद्यापीठ का? बाईंचं उत्तर थोडक्यात असं: पूर्वी आमच्या लोकांना तिकडे येऊ देत नसत, आता देतात, तर तो पैसा त्यांना मिळावा.

हे उत्तर मी अनेकदा मनात घोळवलं आहे. त्यात राग नाही म्हणून ते ‘क्षमाशील’ ठरवायची घाई होते. मला त्यात दुसरं काही ऐकू येतं. ‘आता देतात’ या दोन शब्दांत बाईंनी एक वस्तुस्थिती नोंदवली आहे: दार उघडलं आहे. आणि दार उघडलं तरी फी भरायला पैसे नसतील तर आत जाता येत नाही, हे धुण्याच्या पैशावर घर चालवलेल्या बाईला कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. शिष्यवृत्तीची अटही तशीच ठेवली गेली: पैशाअभावी शिक्षण अडेल अशा विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यांत काळ्या विद्यार्थ्यांना प्राधान्य.

कागद

बाईंच्या हातांना संधिवात झाला आणि डिसेंबर १९९४ मध्ये, ८६ व्या वर्षी, त्यांनी काम थांबवलं. बँकेतल्या लोकांना त्यांची काळजी वाटू लागली होती. एकटी बाई, एवढा पैसा, उद्या आजारपण आलं तर कोण पाहणार? त्यांच्याच आग्रहाने घरात खिडकीचा एसी बसला. बाई तो पाहुणे आले की लावायच्या. मग तो दहा नाण्यांचा दिवस आला आणि वकिलाने कागद केले. त्या वकिलाच्या घरचे कपडे बाईंनी कधीकाळी धुतले होते.

साधं मृत्युपत्र करता आलं असतं. मृत्युपत्र माणूस शेवटच्या दिवसापर्यंत बदलू शकतो, आणि म्हणूनच शेवटच्या दिवसांत त्याच्याभोवती माणसं जमतात. बाईंनी केला तो न्यास, आणि तोही रद्द न करता येणारा. पैसा बँकेच्या देखरेखीखाली गेला. त्या असेपर्यंत त्यांच्या गरजेला तो उपलब्ध, आणि पश्चात नाण्यांनी ठरवलेले वाटे. आजारपणात कुणी येऊन कान भरले, सही मागितली, तरी सहा नाणी तिथून हलणार नव्हती.

नातेवाइकांना तीन नाणी दिली हे मला फार आवडतं. सगळं दान करून घरच्यांना वाऱ्यावर सोडणारी दानशूर माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यामागे घरात राहून गेलेली कटुताही. इथे चर्चला वाटा आहे, घरच्यांना आहे, आणि स्वतःचं म्हातारपणही सुरक्षित आहे. मग उरलं ते अनोळखी मुलांना. कुणीतरी विचारलं, स्वतःवर का खर्च करत नाही? त्यावर बाई म्हणाल्या की मी स्वतःवरच खर्च करते आहे.

नंतर

न्यासाच्या रचनेप्रमाणे विद्यापीठाला पैसा मिळायचा तो बाईंच्या पश्चात. पण बातमी फुटल्यावर हॅटिसबर्गच्या व्यापाऱ्यांनी तेवढीच रक्कम उभी करायचं ठरवलं, म्हणजे शिष्यवृत्ती लगेच सुरू होईल. त्याच शरद ऋतूत पहिली १,००० डॉलरची शिष्यवृत्ती गावातल्याच एका १८ वर्षांच्या मुलीला मिळाली. ती आणि तिच्या घरचे बाईंना भेटायला गेले, आणि हळूहळू त्यांना आजी मानून ये-जा करू लागले. १९६७ पासून एकट्या राहणाऱ्या बाईंच्या दारात अशी माणसं येऊ लागली. पुढे ६०० हून अधिक लोकांनी मिळून त्या निधीत सुमारे ३,३०,००० डॉलर घातले, मूळ देणगीच्या दुपटीहून जास्त.

मानसन्मान भराभर आले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी प्रेसिडेन्शियल सिटिझन्स मेडल दिलं. जून १९९६ मध्ये हार्वर्डने मानद डॉक्टरेट दिली. ज्यांनी विमानात कधी पाय ठेवला नव्हता त्या बाई सत्त्याऐंशीव्या वर्षानंतर अमेरिकाभर फिरल्या, सुरुवातीला रेल्वेने.

आता एक आक्षेप, जो मला स्वतःलाही बराच काळ टोचत होता. एका काळ्या स्त्रीला शाळा सोडावी लागते, तिला तिच्या श्रमांचे कवडीमोल पैसे मिळतात, पेन्शनच्या कायद्यातून तिची माणसं वगळली जातात, गावातल्या कॉलेजात तिच्या लोकांना प्रवेश नसतो. आणि शेवटी तीच त्या कॉलेजाला पैसे देते आणि सगळा देश टाळ्या वाजवतो. या टाळ्यांत देशाची सुटका तर होत नाही ना? गरिबांना सांगायला एक सोयीची गोष्ट मिळाली, की बघा, मनात आणलं तर साठवता येतं!

आक्षेप खरा आहे. बाईंचं उदाहरण देऊन कुणी कमी मजुरीचं समर्थन करत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवावं. एका बोचक्याला दीड डॉलर हा दर बाईंनी ठरवलेल्या जगातला नव्हता. योग्य मजुरी मिळाली असती तर त्यांनी नोकरी करणाऱ्या माणसासारखी रविवारी विश्रांती घेतली असती, कदाचित वर्तमानपत्रही लावलं असतं, आणि तरीही देणगी दिली असती.

पण या आक्षेपापाशी थांबून बाईंकडे केवळ अन्यायाचा बळी म्हणून पाहिलं तर आणखी एक अन्याय होतो. मग यंत्र परत देणारी, सल्ला तोलून घेणारी, बुडालेल्या बँकांच्या आठवणींसकट बँकेत जाणारी, घरच्यांसाठी तीन नाणी बाजूला काढणारी बाई दिसेनाशी होते. भिंती त्यांनी बांधल्या नव्हत्या. आतली मांडणी मात्र त्यांची होती, आणि त्या मांडणीत ७५ वर्षांत मला एकही ढिसाळ निर्णय सापडत नाही.

त्यांची एक इच्छा होती: आपल्या पैशाने शिकलेल्या एखाद्या मुलाचा पदवीदान समारंभ डोळ्यांनी पाहायचा. २६ सप्टेंबर १९९९ रोजी यकृताच्या कॅन्सरने त्या गेल्या, तेव्हा ९१ वर्षांच्या होत्या. आदल्या वर्षी, १९९८ मध्ये, त्याच विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली होती. क्लाइड केनर्डला ती मिळाली २०१८ मध्ये, मरणोत्तर.

विद्यापीठात आज मॅकार्टी हॉल नावाचं वसतिगृह आहे. केनर्डचं आणि तिथून डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या काळ्या विद्यार्थ्याचं, वॉल्टर वॉशिंग्टनचं, नाव दिलेली एक इमारतही आहे. तिच्यात विद्यार्थ्यांच्या कामाची कार्यालयं आहेत. मॅकार्टी शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलीला आपल्या कागदांच्या कामासाठी केनर्डच्या नावाखालूनच आत जावं लागतं.